फेरसामना कोणी हिरावला?

12 जानेवारी 2025 रोजी इंग्लंडमधील टॅमवर्थ या लहानशा गावात टॉटनहॅम हॉट्स्पर हा लंडनचा गडगंज क्लब एफए कपचा सामना खेळायला आला होता. टॅमवर्थचा संघ इंग्लंडच्या फुटबॉलच्या उतरंडीत पाचव्या पायरीवरचा. खेळाडू अर्धवेळ. आठवडाभर कुठेतरी नोकरी करायची, उरलेल्या वेळात सराव करायचा आणि सुट्टीच्या दिवशी बूट चढवायचे. गोलरक्षक जस सिंग हा भारतीय वंशाचा, पोटापाण्यासाठी इमारतींची पाहणी करणारा सर्व्हेअर. मैदानात पाच हजार माणसेसुद्धा मावणार नाहीत. त्या मैदानावर पूर्ण 90 मिनिटे टॉटनहॅमच्या लाखालाखांच्या खेळाडूंना एकही गोल करता आला नाही!

आदल्या वर्षीपर्यंत नियम असा होता की, बरोबरीत सुटलेला असा सामना पुन्हा खेळायचा आणि तो दुसऱ्या संघाच्या मैदानावर खेळायचा. तो नियम असता तर टॅमवर्थचे हे कष्टकरी खेळाडू टॉटनहॅमच्या साठ हजारांहून अधिक आसनांच्या स्टेडियममध्ये उतरले असते आणि तिथल्या तिकिटांच्या गल्ल्यातला वाटा त्यांच्या क्लबच्या पदरात पडला असता. परंतु नियम बदललेला होता. लगेच अर्ध्या तासाचा जादा वेळ सुरू झाला. टॉटनहॅमने बाकावर राखून ठेवलेले नामवंत खेळाडू ताजेतवाने होऊन मैदानात आले आणि दमलेल्या टॅमवर्थवर तीन गोल झाले. निकाल 3-0. वर्तमानपत्रांनी टॅमवर्थच्या जिद्दीचे कौतुक केले. कौतुक फुकट असते, त्याने मैदानाची डागडुजी होत नाही.

आमचे काही वाचक विचारतील, कुठले टॅमवर्थ आणि कुठला एफए कप? आपल्याला त्याचे काय? आम्ही म्हणतो, जरूर आहे. सर्वांना दार उघडे आहे असे सांगायचे आणि आत आलेल्या गरिबाच्या पुढचे ताट मात्र अलगद काढून घ्यायचे, हा प्रकार कसा घडतो हे समजून घ्यायला एफए कपइतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही. म्हणून हा विषय थोडा मुळापासून पाहिला पाहिजे.

एफए कप ही देशातील क्लबांसाठी असलेली जगातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा. 20 जुलै 1871 रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस सी. डब्ल्यू. अल्कॉक यांनी तिचा प्रस्ताव मांडला. पहिल्या वर्षी 15 क्लबांनी नावे दिली. 16 मार्च 1872 रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर अंतिम सामना झाला आणि वाँडरर्स या संघाने रॉयल इंजिनिअर्स या लष्करी संघाचा 1-0 असा पराभव केला. वाँडरर्सचा कप्तान कोण? तेच अल्कॉक! स्पर्धा काढणारे तेच आणि जिंकणारेही तेच. एवढ्यावरच भागले नाही. पुढच्या वर्षी गतविजेता म्हणून वाँडरर्सला एकही फेरी न खेळता थेट अंतिम सामन्यात जागा मिळाली आणि मैदान निवडण्याचा अधिकारही मिळाला. सरदार-जमीनदारांची पोरे जिथे शिकत त्या महागड्या शाळांचे माजी विद्यार्थी, लष्करी अधिकारी आणि बडे व्यावसायिक यांचा हा आपापसातला खेळ होता. फुकट खेळणे त्यांना परवडत होते, म्हणून पैसे न घेता खेळणे हाच त्यांनी खेळाचा धर्म ठरवून टाकला. ज्याची एका दिवसाची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही, त्याने हा धर्म कसा पाळायचा, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

या पार्श्वभूमीवर 1879 साली घडलेली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लँकेशायरमधील डार्वेन या गिरण्यांच्या गावचा संघ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. समोर ओल्ड एटोनियन्स, म्हणजे इंग्लंडच्या राज्यकर्त्यांची जिथे घडण होते त्या ईटन शाळेचे माजी विद्यार्थी. 5-1 असे पिछाडीवर असलेल्या डार्वेनच्या पोरांनी अखेरीस 5-5 अशी बरोबरी साधली. एटोनियन्सनी जादा वेळ खेळायला नकार दिला. फेरसामना झाला, तो 2-2 असा सुटला. पुन्हा फेरसामना झाला आणि तिसऱ्या वेळी डार्वेन 6-2 असे हरले. हे तिन्ही सामने लंडनमध्येच झाले. उत्तरेकडच्या गिरणी कामगारांनी कामावर खाडा करून, गावात वर्गणी जमवून, तीन वेळा लंडनची वारी करायची आणि यजमानांनी आपल्या घरून चालत मैदानावर यायचे. फेरसामना त्या काळी गरिबांना दमवण्याचे साधन होता. कारण नियम कोणाच्या सोयीने चालायचा हे ठरवण्याच्या जागेवर गरीब नव्हता. त्या वर्षीचा कप एटोनियन्सनीच नेला.

पण डार्वेनने वाट दाखवली होती. चारच वर्षांनी, 31 मार्च 1883 रोजी, त्याच लँकेशायरमधील ब्लॅकबर्न ऑलिम्पिक हा संघ अंतिम सामन्यात त्याच ओल्ड एटोनियन्सपुढे उभा राहिला. ऑलिम्पिकमध्ये कोणी विणकर, कोणी सूतकताई करणारा, कोणी प्लंबर, कोणी धातूकाम करणारा. एका स्थानिक लोखंडी ओतशाळेच्या मालकाने दिलेल्या पैशातून हा संघ सामन्याआधी ब्लॅकपूलला जाऊन राहिला आणि सराव करून आला. जादा वेळेत सूतगिरणीत काम करणाऱ्या जिमी कॉस्टलीने गोल केला आणि ऑलिम्पिकने 2-1 असा विजय मिळवला. मुंबईच्या गिरणगावात ज्यांचे बालपण गेले, त्यांना या गोलाची किंमत वेगळी सांगायला नको. त्यानंतर उमरावी शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचा एकही संघ आजतागायत हा कप जिंकू शकलेला नाही. कामगाराला समान मैदान मिळताच मक्तेदारी कशी कोसळते, याचा हा इतिहासातला पुरावा आहे. 1885 साली खेळाडूला मोबदला देण्यास असोसिएशनला अधिकृत मान्यता द्यावी लागली.

मात्र गोष्ट इथे संपत नाही. 1888 साली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा ब्लॅकबर्नमधून रोव्हर्स या दुसऱ्या क्लबला घेण्यात आले, ऑलिम्पिकला जागा मिळाली नाही. नियमित सामने नाहीत, तर नियमित गल्ला नाही. 1889 साली ऑलिम्पिक क्लब बंद पडला. कप जिंकून सहा वर्षे होतात न होतात तोच कामगारांचा विजेता संघ नामशेष झाला! एका दिवसाचा विजय आणि कायमचे उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळतेच असे नाही. आजच्या वादाचे मूळ इथेच आहे.

पुढे काळ बदलला. सामने लंडनऐवजी आपापल्या गावी होऊ लागले. स्पर्धेचे दार रुंदावले. आज सातशेहून अधिक क्लब एफए कपमध्ये उतरतात. त्यात गावच्या मैदानावर खेळणारे अगदी तळाचे क्लबही असतात आणि तिसऱ्या फेरीपासून बडे क्लब येऊन मिळतात. सोडतीत मानांकन नाही. कोणाची गाठ कोणाशी पडेल हे चिठ्ठी ठरवते. आणि खर्च वजा जाता तिकिटांचे उत्पन्न दोन्ही क्लबांनी सारखे वाटून घ्यायचे, ही या स्पर्धेची जुनी रीत. यामुळे जो फेरसामना डार्वेनला दमवणारा होता, तोच लहान क्लबांचा आधार झाला. बड्या क्लबला एकदा बरोबरीत रोखले की दुसऱ्या सामन्याची कमाई हक्काने मिळू लागली.

याची उदाहरणे पाहा. 1972 साली लीगबाहेरच्या हेरफर्डने न्यूकॅसलला न्यूकॅसलच्याच मैदानावर 2-2 असे रोखले आणि आपल्या गावी झालेल्या फेरसामन्यात 2-1 असे हरवले. त्यातला गाजलेला गोल करणारा रॉनी रॅडफर्ड सुतारकाम करीत असे. त्याच वर्षी हेरफर्डला लीगमध्ये प्रवेश मिळाला. 2005 साली पाचव्या पायरीवरचा एक्झेटर सिटी हा क्लब कर्जात बुडालेला होता. त्याचा कारभार चाहत्यांनी आपल्या संस्थेमार्फत हाती घेतला होता. या संघाने मँचेस्टर युनायटेडला ओल्ड ट्रॅफर्डवर 67 हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर 0-0 असे रोखले. फेरसामना एक्झेटर 2-0 असे हरले, पण दोन सामन्यांच्या उत्पन्नाने क्लब कर्जाच्या खाईतून बाहेर पडायला मोठी मदत झाली. 2017 साली लीगबाहेरचा लिंकन सिटी उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. 103 वर्षांत असे कोणत्याही लीगबाहेरच्या क्लबला जमले नव्हते. त्या प्रवासातही इप्सविचविरुद्धचा फेरसामना होता.

हा फेरसामना एका दिवसात गेलेला नाही. तो पायरीपायरीने काढून घेण्यात आला. 1991 पर्यंत निकाल लागेपर्यंत कितीही फेरसामने होत. मग एकच ठेवला. नंतर उपांत्य आणि अंतिम सामन्यांतून तो गेला. मग उपांत्यपूर्व फेरीतून, मग पाचव्या फेरीतून. शेवटी 18 एप्रिल 2024 रोजी असोसिएशनने जाहीर केले की, 2024-25 पासून मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीपासूनच फेरसामना राहणार नाही. हा निर्णय असोसिएशन आणि प्रीमियर लीग यांच्यातल्या सहा वर्षांच्या कराराचा भाग होता. प्रीमियर लीग म्हणजे कोण? 1992 साली वरच्या श्रेणीतले क्लब दूरचित्रवाणीच्या पैशावर स्वतंत्र हक्क मिळावा म्हणून जुन्या लीगमधून फुटून निघाले आणि त्यांनी उभारलेली ही संस्था. आज तिच्यात 20 क्लब आहेत. सातशेहून अधिक क्लबांच्या स्पर्धेचे नियम 20 क्लबांच्या संस्थेशी बसून ठरले!

खालच्या तीन श्रेणींतील 72 क्लबांची संघटना असलेल्या इंग्लिश फुटबॉल लीगने तेव्हाच तक्रार केली की, हा करार असोसिएशन आणि प्रीमियर लीग या दोघांनीच केला, आमच्या क्लबांना विचारले नाही. असोसिएशनचे उत्तर असे की, फेरसामने पुढे चालू ठेवता येणार नाहीत हे आधीच्या चर्चांत सर्वांनीच मान्य केले होते आणि वेळापत्रकाला योग्य समित्यांची मंजुरी होती. म्हणजे कागद बरोबर होता! कागद बरोबर असणे आणि ज्यांच्या पोटावर पाय येतो त्यांचा आवाज निर्णयात असणे, यातला फरक आमच्या वाचकांना कोणी शिकवण्याची गरज नाही.

निर्णयाच्या समर्थकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, 2024-25 पासून युरोपातील चॅम्पियन्स लीगचे सामने वाढले, वेळापत्रकात जागा उरली नाही, खेळाडू थकतात. हे अगदी खोटे नाही. पण युरोपात खेळणारे क्लब किती? मूठभर. त्यांच्या थकव्यासाठी बाकीच्या शेकडो क्लबांनी आपला हक्क का सोडायचा? शिवाय युरोपातले वाढीव सामने म्हणजे वाढीव उत्पन्न. उत्पन्न वाढते तेव्हा थकवा आड येत नाही, आणि गरिबाशी पुन्हा एकदा खेळायचे म्हटले की थकवा आठवतो, हा प्रकार मोठा मजेशीर आहे.

दुसरा मुद्दा असा मांडला जातो की, फेरसामन्यात शेवटी बडाच क्लब जिंकतो, उलट एकाच सामन्यात निकाल लावला तर लहान क्लबला जिंकण्याची संधी अधिक. यात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. 10 जानेवारी 2026 रोजी सहाव्या पायरीवरच्या मॅकल्सफील्डने गतविजेत्या क्रिस्टल पॅलेसला आपल्या मैदानावर 2-1 असे हरवून सगळ्या इंग्लंडला चकित केले. त्यात फेरसामन्याची गरज पडली नाही. आम्हालाही त्या निकालाचा आनंद झाला. परंतु असे निकाल क्वचित लागतात. लहान क्लबच्या दृष्टीने बरोबरी हीच अधिक आवाक्यातली गोष्ट होती आणि त्या बरोबरीला किंमत होती. ती किंमत आता शून्य झाली. आणि पॅलेसला हरवणारा हा मॅकल्सफील्ड क्लब कसा जन्माला आला, हेही सांगितले पाहिजे. मॅकल्सफील्ड टाऊन हा जुना क्लब 2020 साली कर्जापायी न्यायालयाच्या आदेशाने मोडीत निघाला. त्याच्या जागी हा नवा क्लब उभा राहिला आणि त्याला तळापासून वर चढत यावे लागले.

तिसरा मुद्दा पैशाचा. करारानुसार प्रीमियर लीग तळाच्या फुटबॉलसाठी वर्षाला 3 कोटी 30 लाख पौंडांपर्यंत जादा रक्कम देणार आहे. मग तक्रार कशाची, असे विचारले जाते. इथेच खरी मेख आहे. फेरसामन्याचा गल्ला ही टॅमवर्थसारख्या क्लबने मैदानावर घाम गाळून मिळवलेली कमाई असते. तिच्यासाठी कोणापुढे हात पसरावे लागत नाहीत. अनुदान मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर. किती द्यायचे, कशासाठी द्यायचे, केव्हा थांबवायचे, हे तोच ठरवणार. हक्क काढून घ्यायचा आणि त्याच्या जागी खैरात द्यायची, वर पुन्हा देणाऱ्याने उदार म्हणून मिरवायचे! प्रीमियर लीगचे देशांतर्गत प्रक्षेपणाचे हक्क 2025 पासूनच्या चार वर्षांसाठी 6.7 अब्ज पौंडांना विकले गेले आहेत. त्यापुढे ही रक्कम केवढी, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

फेरसामना ही लॉटरी होती, हे मात्र आम्हाला मान्य आहे. शेकडो क्लबांपैकी दोन-चारांना ती लागायची. लॉटरीच्या भरवशावर कोणाचे घर चालत नाही आणि क्लबही चालत नाही. लहान क्लबांना खरी गरज आहे ती वरच्या उत्पन्नात नियमाने ठरलेल्या वाट्याची. ती नसली की काय होते? बरी या क्लबने 1900 आणि 1903 साली एफए कप जिंकला होता. 1903 च्या अंतिम सामन्यात त्यांनी डर्बी काउंटीला 6-0 असे हरवले. इतक्या मोठ्या फरकाने अंतिम सामना जिंकणे 116 वर्षे दुसऱ्या कोणाला जमले नाही. 18 मे 2019 रोजी मँचेस्टर सिटीने वॉटफर्डला 6-0 असे हरवून त्या विक्रमाशी बरोबरी केली. त्याच वर्षी 27 ऑगस्टला बरी क्लबला पैशाअभावी लीगमधून काढून टाकण्यात आले. ही दोन गावे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. एकाच्या तिजोरीत मावेना आणि दुसऱ्याच्या मैदानाला कुलूप.

बरीच्या प्रकरणानंतर इंग्लंडमध्ये मोठा गदारोळ झाला, चाहत्यांचे म्हणणे ऐकणारी चौकशी झाली आणि अखेर 21 जुलै 2025 रोजी फुटबॉलच्या कारभारासंबंधी कायदा झाला. त्यानुसार स्वतंत्र नियामक नेमण्याची तरतूद आहे. वरची लीग आणि खालची लीग यांच्यात पैशाच्या वाटपावर एकमत झाले नाही, तर शेवटचा उपाय म्हणून नियामकाला हस्तक्षेप करता येतो. बड्या क्लबांनी या कायद्याला विरोध केला तो उगाच नव्हे. खैरातीला त्यांची ना नाही, कायद्याने द्याव्या लागणाऱ्या वाट्याला आहे. हा अधिकार नियामक खरोखर वापरतो की कपाटात ठेवतो, यावर पुढचे सारे अवलंबून राहील.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. भारतात क्लबांसाठी राष्ट्रीय पातळीवरील फेडरेशन कप 1977 साली सुरू झाला. पहिल्याच वर्षी बंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी कारखान्याच्या संघाने मोहन बागानसारख्या मातब्बर क्लबला हरवून तो जिंकला. टेलिफोन बनवणाऱ्या कारखान्याचा संघ देशाचा विजेता! मुंबईच्या महिंद्र युनायटेडने 2003 आणि 2005 साली हा कप मिळवला, आणि 2010 साली तो क्लबच बंद करण्यात आला. मुंबईत कूपरेजवर रंगणारा जुना रोव्हर्स कप 2000-01 नंतर बंद पडला. 2014 साली इंडियन सुपर लीग आली ती पैसे भरून जागा घेणाऱ्या क्लबांची. खालून खेळून वर येण्याची पहिली संधी मिळायला 2023 साल उजाडावे लागले, ती पंजाबच्या क्लबला मिळाली. 2017 साली फेडरेशन कप संपला आणि 2018 पासून सुपर कप सुरू झाला, तोही वरच्या दोन लीगमधल्या क्लबांपुरता. 2019 साली आय-लीगमधल्या अनेक क्लबांनी आमचे म्हणणे कोणी ऐकत नाही म्हणून त्यावर बहिष्कार टाकला होता. इंग्लंडमध्ये गावच्या क्लबपुढचे ताट काढून घेतले म्हणून भांडण चालू आहे. आपल्याकडे गावच्या क्लबला दारच नाही, म्हणून भांडणही नाही!

नागपूर, कोल्हापूर, मुंबईच्या वस्त्यांतून फुटबॉल खेळणारी पोरे कमी नाहीत. कोल्हापुरात तर पेठापेठांतल्या तालमींच्या संघांसाठी लोक जीव टाकतात. त्या पोरांच्या क्लबला तालुक्यापासून सुरुवात करून जिंकत जिंकत देशातल्या सर्वांत श्रीमंत क्लबसमोर उभे राहता येईल, अशी एखादी तरी स्पर्धा या देशात असावी, ही मागणी फार मोठी आहे काय? आणि अशी स्पर्धा कधी निघालीच, तर तिकिटाच्या गल्ल्यातला वाटा आणि नियम करणाऱ्या समितीतली खुर्ची या दोन गोष्टी पहिल्या दिवशीच नियमात लिहून घेतल्या पाहिजेत. ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने कप जिंकला, पण या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे नव्हत्या. टॅमवर्थने टॉटनहॅमला 90 मिनिटे रोखले, त्यांच्याकडेही नव्हत्या. दोन्हींच्या मध्ये 142 वर्षे गेली. आणखी किती वाट पाहायची, हे लहान क्लबांनी आणि त्यांच्या मागे उभ्या राहणाऱ्या गावांनी ठरवायचे आहे.